टिपेवरचा पगार

अमेरिकेतलं कुठलं खाणं आवडतं, असं कुणी विचारलं तर मी न्यू जर्सीतल्या डायनरचंच नाव घेईन. कडेला कुरकुरीत, आत मऊ असे हॅश ब्राउन्स, अंडी आणि कप अर्धा होताच न मागता पुन्हा भरली जाणारी कॉफी. ती भरणाऱ्या बाईंच्या एप्रनच्या खिशात ऑर्डरचं पॅड, पेन आणि चुरगळलेल्या एक-एक डॉलरच्या नोटा. त्या नोटांवरच त्यांचं घर चालतं, हे मला सहन होत नाही. टिप मिळणाऱ्यांचं केंद्रीय किमान वेतन १९९१पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. टिप धरूनही सर्वसाधारण केंद्रीय किमान वेतनाचे तासाला ७.२५ डॉलर होत नसतील तर फरक मालकाने भरायचा, असा कायदा आहे. पण नोकरी धोक्यात घालून तो मागणार कोण? कॅलिफोर्नियात पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, आणि तिथली हॉटेलं काही ओस पडलेली नाहीत.

याच बायांनी निवडणुकीत मत द्यायचं ते मंगळवारी, ऐन कामाच्या दिवशी. १८४५चा कायदा! तेव्हा शेतकऱ्यांना रविवारचं चर्च आटोपून घोडागाडीने मतदानाला पोचायचं असे. आजही त्या दिवशी केंद्राची सुट्टी नाही. भारतात मतदानाची पगारी सुट्टी मिळते. तीच इथे हवी, असं माझं ठाम मत आहे.

पण प्रत्येक जुनी गोष्ट बदलायलाच हवी, असं नाही. संध्याकाळी रेडिओवर बेसबॉल ऐकलं. २०२३पासून पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, घड्याळाच्या ठरावीक वेळेतच चेंडू टाकायचा असल्यामुळे सामने लवकर संपतात. लोक खूश आहेत. मला मात्र दोन चेंडूंच्या मधल्या समालोचकाच्या त्या ऐसपैस गप्पा हव्या आहेत.