परवान्यावाचून प्रार्थना

इंग्रजांचा अंमल उठला तेव्हा हिंदी ख्रिस्ती माणसाचे छत्र हरपले, अशी पुष्कळांची समजूत झाली होती आणि, खरे सांगावयाचे तर, आमच्यापैकी काहींचीही झाली होती. परंतु त्या अंमलाचा इतिहास जो कोणी स्वस्थपणे वाचील, त्याला ते छत्र किती ठिकाणी गळत होते याचा प्रत्यय आल्यावाचून राहणार नाही. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबई बंदरी उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना मुलूख सोडून जाण्याचा हुकूम बजावला, आणि पुष्कळ अर्जविनंत्या झाल्यावर कोठे त्यांचे बिऱ्हाड येथे टिकले. ज्या मराठी मिशनातून पुढे आमची नगरची मंडळी उभी राहिली आणि 1842 साली ‘ज्ञानोदय’ निघाला, त्याचा पाया असा सरकारी मर्जीवर घातला गेला होता. हॉल-नॉट येण्याच्या आदल्याच वर्षी, 1812 साली, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन कायमचे उठले. 1560 पासून माणसाच्या अंतःकरणाची झडती घेणारे ते दप्तर ख्रिस्ती राजसत्तेनेच चालविले होते, आणि त्याची झळ नवख्रिस्त्यांनाही चांगलीच लागली होती. राजदंड हाती आलेला धर्म कसा वागतो याचा दाखला शोधण्यास आम्हांस दुसऱ्याच्या घरी जावे लागत नाही. म्हणूनच ज्या राज्याने स्वतःसाठी कोणताच धर्म ठेवला नाही, त्याचे आभार मानण्याचा पहिला मान आमचा आहे, असे मी समजतो.

परक्या छत्रावर विसंबण्यात अर्थ नाही, हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांना फार आधी उमगले असावे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 साली मिशनच्या चाकरीवर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्त या भूमीत परक्याच्या पंक्तीला नव्हे, तर घरच्यासारखा बसावा, हा त्यांचा ध्यास. दोनच वर्षांनी ते गेले, पण त्यांची भजने राहिली. आमच्या देवळातल्या टाळांच्या दोऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामाने काळ्याकुट्ट झाल्या आहेत, आणि त्या बदलाव्यात असा विषय निघाला की जुनी भजनी मंडळी अंगावर धावून येतात; त्या हट्टाच्या मुळाशी टिळकच आहेत. राजकारणातही आम्ही अगदीच कुंपणावर नव्हतो. 1916 साली बेळगावास लोकमान्यांची होमरूल लीग निघाली, तिचे अध्यक्ष माझगावचे काका बाप्टिस्टा होते.

तथापि स्वातंत्र्याचे ऋण मला सर्वाधिक जाणवते ते घटनासमितीच्या कामकाजात. 6 डिसेंबर 1948 रोजी धर्मप्रसाराचा हक्क मूलभूत हक्कांत असावा की नसावा, यावर तेथे कडाक्याचा वाद झाला. फादर जेरोम डिसोझांसारखे ख्रिस्ती सभासद समितीत होते, परंतु त्या दिवशी या हक्काची वकिली हिरिरीने केली ती लक्ष्मीकांत मैत्र, कृष्णम्माचारी आणि कन्हैयालाल मुनशी यांनी. मूठभरांच्या हक्कासाठी बहुसंख्य समाजातली माणसे उभी राहिली, आणि पंचविसाव्या कलमात तो हक्क कायम झाला. कंपनीच्या गव्हर्नराची परवानगी परत घेता येत होती. या सनदेवर सही सगळ्या रयतेची आहे. पुढच्याच वर्षी समितीचे उपाध्यक्ष, बंगालचे ख्रिस्ती पुढारी हरेंद्रकुमार मुखर्जी यांच्या पुढाकाराने धार्मिक अल्पसंख्याकांनी कायदेमंडळातल्या राखीव जागांवरचा दावा सोडला. हा विश्वास काहींना भाबडा वाटला. मला तो त्या ऋणाच्या फेडीचा पहिला हप्ता वाटतो.

आता कृतज्ञ माणसाने गाऱ्हाणे मांडू नये, असा काही दंडक नाही. आमच्या नगर भागातली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग वस्त्यांतून आली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे शीख आणि बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावची शीव पुसली जात नाही, हे वेशीबाहेर राहिलेल्या कोणालाही विचारावे. तेव्हा ज्या राज्यासाठी आम्ही दर रविवारी प्रार्थना करतो, त्याच राज्याच्या दारी सोमवारी अर्ज घेऊन जातो, आणि सुनावणी होईपर्यंत जात राहणार.