खामगावची चांदी : वजन आणि घडण

हावडा-मुंबई लोहमार्गावरील जलंब जंक्शनहून खामगावकडे अवघ्या तेरा किलोमीटरचा एक फाटा जातो. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एवढ्या छोट्या फाट्यासाठी साक्षात व्हाइसरॉय वऱ्हाडात आले, त्यामागचे कारण कापूस हे होते. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला दूरदेशीची गिऱ्हाइके मिळवून दिली आणि खामगाव ही त्या व्यापाराची मोठी पेठ ठरली. कापसाचा तो दबदबा पुढे ओसरला; परंतु पेठेची पत मात्र दुसऱ्या एका जिनसेच्या आधाराने टिकून राहिली. आज बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते. शेगावला दर्शनासाठी आलेली कितीतरी कुटुंबे परतताना खामगावच्या सराफ्यात एखादा फेरफटका मारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

या सराफ्यात पैंजण, जोडवी आणि कडदोरे तर आहेतच; पण जाणता ग्राहक येथे येतो तो घरात मांडावयाच्या आणि भेट म्हणून द्यावयाच्या वस्तूंसाठी. नखाएवढ्या करंड्यापासून पुरुषभर उंचीच्या देवघरापर्यंत चांदीची घडण येथे पाहावयास मिळते. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान, तबक, निरांजन, बारशाला द्यावयाची वाटी-चमचा आणि खुळखुळा हे नेहमीचे प्रकार. त्यांच्या जोडीला दसऱ्यासाठी चांदीची आपट्याची पाने, पाडव्यासाठी वीतभर उंचीची गुढी, देवस्थानांसाठी छत्र, चामर, मुकुट आणि सिंहासने. स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, मत्स्ययुगुल आणि दर्पण या आठ मंगल चिन्हांची पाटी हा जैन घरांच्या ओळखीचा नमुना. उठावाच्या कामात कारागिराचा हात कितपत तयार आहे हे पाहावयाचे असेल, तर या पाटीइतकी चांगली कसोटी नाही. कारण तळहाताएवढ्या जागेत नंद्यावर्ताच्या काटकोनी वळणांपासून माशांच्या खवल्यांपर्यंत सगळे नीट उमटावे लागते.

ही घडण होते कशी, हे दुकानाच्या काचेआडून दिसत नाही. चांदी ९६१ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. मुशीतला रस साच्यात ओतून लगड करावयाची, ती ठोकून किंवा यंत्राच्या रुळांतून काढून पत्रा करावयाचा. ठोके खाऊन पत्रा ताठर होतो, म्हणून तो पुनःपुन्हा तापवून मऊ करावा लागतो. मग तो गरम राळेच्या थरावर बसवतात. राळ ठोका सोसते आणि पत्रा फाटू देत नाही. मागच्या बाजूने ठोकून आकार फुगवावयाचा, पत्रा उलटवून पुढच्या बाजूने बारीक छिन्न्यांनी पाकळी, डोळा, पिसारा उघडावयाचा. एका मोरासाठी वेगवेगळ्या टोकांची अनेक हत्यारे हाती घ्यावी लागतात. राजस्थानातून येऊन येथे स्थिरावलेल्या घराण्यांनी ही विद्या बापाकडून मुलाकडे अशी चालवली आहे.

खामगावच्या चांदीची ख्याती मुख्यतः शुद्धतेची. ‘खामगावहून घेतली’ एवढे शब्द मोडीच्या वेळी पुरेसे ठरावेत, असा लौकिक या पेठेने मिळवला. व्यापारी कुटुंबांना अशा लौकिकाचे मोल सांगावयास नको. तथापि आज केवळ शब्दावर राहण्याचे कारण उरलेले नाही. भारतीय मानक ब्यूरोने चांदीसाठीही हॉलमार्कची सोय केली आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या वस्तूंना सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याची ऐच्छिक व्यवस्था सुरू झाली असून, तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अॅपवर पडताळून पाहता येतो. ९९० म्हणजे हजारांत ९९० भाग चांदी, ९२५ म्हणजे ९२५ भाग. मात्र आकडा मोठा तेवढी वस्तू चांगली, असे नेहमीच नसते. अतिशुद्ध चांदी मऊ असते. मूर्तीला वा पूजेच्या ताटाला ती शोभते. रोज हाताळावयाचा चमचा किंवा झाकणाची डबी ९२५ची असेल, तर त्यातील तांब्यामुळे ती लवकर चेपत नाही.

आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. चांदीचे देवघर हे सहसा लाकडी सांगाड्यावर मढवलेला पत्रा असते; तेव्हा पत्र्याचे वजन बिलात वेगळे लिहिलेले असावे. पोकळ मूर्तीत राळ किंवा लाख भरलेली असेल, तर तिचे वजन चांदीत धरले जाऊ नये. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ या नावात चांदी असली, तरी वस्तूत ती मुळीच नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण होय. स्वस्त भेट म्हणून ते द्यावयास हरकत नाही, पण काय देत आहोत हे देणाऱ्याला ठाऊक असावे.

इतकी चौकशी करणारा ग्राहक एका बाबतीत मात्र हात आखडता घेतो, ती म्हणजे मजुरी. वजन किती, भाव काय, हे विचारून झाले की मजुरीवर घासाघीस सुरू होते. हिशेबाच्या दृष्टीने त्याचे चुकत नाही. मोडीत घडणावळ परत मिळत नाही. कर्जव्यवहाराची रीतही तीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ सालच्या निर्देशांनी सोन्याबरोबर चांदीचे दागिनेही तारण म्हणून मान्य केले, पण मूल्य धरावयाचे ते शुद्धतेनुसार धातूचेच. कलाकुसरीला त्या ताळेबंदात रकाना नाही.

नेमकी येथेच या पेठेची खरी परीक्षा आहे. यंत्राच्या दाबाने एका साच्यातून एकसारख्या शेकडो वाट्या निघतात आणि त्यांची मजुरी अल्प असते. ग्राहकाने केवळ ग्रॅमचाच भाव पाहिला, तर हाताने काम करणाऱ्याला चार दिवसांचे काम एका दिवसात उरकावे लागते, नाहीतर यंत्रापुढे बसावे लागते. त्याचा मुलगाही मग छिन्नी का धरील? मोडीत न मिळणारी रक्कम वाचवताना पुन्हा न घडणारी वस्तू आपण गमावत असतो. चांदी कोठल्याही बाजारात मिळेल. नंद्यावर्ताचे वळण न चुकता उठवणारा हात मात्र एकदा थांबला, की भाव वाढवून परत येत नाही.

म्हणून घरात लग्न वा वास्तुशांत असेल, तर साच्यातल्या पंचवीस वाट्यांबरोबर निदान एक वस्तू हातची करून घ्यावी. ती दोन-तीन महिने आधी सांगावी. दिवाळीची गर्दी आणि कोजागरीपासूनचा मोठ्या देवीचा उत्सव टाळून सांगितल्यास कारागिराला निवांतपणा मिळतो. आजीच्या जुन्या करंड्यावरील वेल किंवा वाड्याच्या चौकटीवरील कमळ, असा घरचाच नमुना कागदावर काढून न्यावा. चांदीचे वजन आणि मजुरी बिलात वेगवेगळी मांडून घ्यावी, म्हणजे कशाचे किती दिले हे दोन्ही बाजूंना स्वच्छ राहते. ज्याने घडवली त्याचे नाव विचारून भेटीच्या डबीत लिहून ठेवावे. वस्तू घरी आल्यावर मऊ मलमलीत गुंडाळावी, रबर आणि लोकर यांपासून दूर ठेवावी, कारण त्यांतील गंधकाने चांदी काळवंडते. नक्षीच्या खोलगट भागातील काळी छटा मात्र घासून काढू नये. पाकळी उठून दिसावी म्हणून कारागिराने ती राखलेली असते.