भाकरी कुठून येते

जबलपूरच्या मराठी घरांत नोकरी म्हणजे फॅक्टरी. माझ्या लहानपणी या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. तोफगाड्यांची गन कॅरेज फॅक्टरी 1904 पासूनची, खमरियाची दारूगोळ्याची दुसऱ्या महायुद्धातली, लष्करी ट्रक बांधणारी व्हेइकल फॅक्टरी 1969 ची. नागपूर-भंडाऱ्याकडून आलेली माणसं भोंग्यावर उठायची, सायकली काढायची आणि गुरुवारी दत्ताच्या आरतीला हात जोडून उभी राहायची. बाबा खमरियात होते. अंघोळ, पूजा, हरिपाठ, मग शिफ्ट. देवाला फूल वाहणारे हात तासाभराने दारूगोळ्याच्या कामाला लागायचे. बाबांना त्यात काही विसंगत वाटत नसे. सीमेवरच्या जवानाच्या हातात फुसका गोळा जाऊ नये, एवढीच त्यांची काळजी, आणि ती मनापासूनची होती.

हे सगळं पुन्हा वर आलं ते भाच्यामुळे. तो इंजिनिअर आहे, इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यना शिकून आलाय, रोज पहाटे ध्यानाला बसतो. पैसे लावून खेळायच्या मोबाइल खेळांची एक कंपनी त्याला बोलावत होती आणि पगार घसघशीत होता. तो म्हणाला, "मामा, सकाळी डोळे मिटून जे बघायचं, ते दिवसभर आपल्याच हातानं मोडायचं का?"

जागेपणीचे निम्मे तास माणूस कामाला देतो. पहाटेच्या तासाभराच्या ध्यानाने त्यांची भरपाई होईल, असं मला वाटत नाही. म्हणून त्याच्या प्रश्नाने मीही अस्वस्थ झालो.

आपल्याकडे याचं एक उत्तर सातशे वर्षं तयार आहे आणि ते फार सुंदर आहे. सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडलं नाही, नरहरी सोनारच राहिले. सेना महाराज तर आमच्या शेजारचे. उत्तरेकडच्या परंपरेप्रमाणे ते बांधवगडच्या राजाचे न्हावी, आणि बांधवगड जबलपूरहून गाडीने काही तासांवर. पूजेत रमल्यामुळे त्यांना राजाकडे जायला उशीर झाला, तेव्हा देवच धोकटी काखेला मारून गेला आणि राजाची हजामत करून आला. कीर्तनात ही गोष्ट भक्ताची थोरवी म्हणून सांगतात. मला तिच्यात कामाची थोरवी दिसते. सेना आज यायचा नाही, असा निरोप देवाला धाडता आला असता. पण काम अडून राहू नये म्हणून तो स्वतः वस्तरा घेऊन बसला.

तरी हे उत्तर अर्धं आहे. माळी, कुंभार, न्हावी यांच्या कामाने कुणाचं वाईट होत नाही. ज्याच्या कामाने होतं, त्याने काय करावं? त्यासाठी तुकोबांकडे जायला हवं. घरी वाण्याचं दुकान, महाजनकी, सावकारी. 1630 च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ, घरातले मृत्यू. परंपरा सांगते, की पुढे त्यांनी कर्जखतं बाहेर काढली, धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांना देऊन टाकला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. सावकारी भक्तिभावाने करू, अशी पळवाट त्यांनी काढली नाही. आणि भावाच्या हिश्शाला हातही लावला नाही. स्वतःच्या शुद्धीची किंमत त्यांनी दुसऱ्याच्या ताटातून वसूल केली नाही. या दुसऱ्या गोष्टीबद्दल फारसं बोललं जात नाही. मला ती पहिलीइतकीच अवघड वाटते.

तुकोबांच्या देहूजवळच देहूरोड, लष्कराच्या डेपोभोवती वाढलेलं गाव. तिथे 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. बुद्धांनी उपासकांना पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत आणि त्यांत पहिला शस्त्रांचा. मग सजीवांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. आमच्या क्वार्टर्समध्ये नागपूरकडचे एक बौद्ध काका राहायचे. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांना फॅक्टरीने पक्का पगार, पक्कं घर आणि मुलांना शाळा दिली होती. मी मोठा झाल्यावर त्यांना या पाच व्यापारांबद्दल विचारलं. ते म्हणाले, बाबासाहेबांनी सम्यक आजीविकेची कसोटी सांगितली ती दुसऱ्याला इजा आणि अन्याय न करता कमावण्याची. अन्यायातून ते बाहेर पडले होते. इजेचं काय, हा प्रश्न ते रोज गेटमधून आत जाताना स्वतःला विचारत. नोकरी त्यांनी सोडली नाही आणि प्रश्नही सोडला नाही. बाबांवर माझी माया आहे, पण काकांची ती तगमग मला बाबांच्या निश्चिंतीपेक्षा जास्त धार्मिक वाटते.

सोडून जाणारेही या शहराने पाहिले. महर्षी महेश योगी तरुणपणी गन कॅरेज फॅक्टरीत होते असं सांगतात. रजनीशांनी 1966 मध्ये इथली प्राध्यापकी सोडली. शहराला त्यांचं कौतुक आहे. मला गोहलपुराने जास्त शिकवलं.

गोहलपुर म्हणजे अन्सारी विणकरांची जुनी वस्ती. माग मागे पडले. आता गल्लीत शिलाई मशीन वाजतात आणि घराघरांत बायका बीड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं नि तंबाखू. कात्रीने पान बेतायचं, भरायचं, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. सट्टेदार, म्हणजे मधला ठेकेदार, मोजून घेतो आणि खराब बीड्यांची छाट निघाली की तिचे पैसे गेले. तिथली एक बाई माझ्या बायकोकडे वर्षानुवर्षं येते. नमाज चुकवत नाही, उधारी ठेवत नाही, मोजणीत लबाडी करत नाही. बीडी माणसाच्या छातीचं काय करते हे ती जाणते. तंबाखूच्या धुळीने तिलाही खोकला जडलाय. तिला कुणी सांगावं की आपल्या श्रद्धेला शोभेल असा व्यवसाय निवड? निवडायला तिच्यापुढे होतं काय? तिने जे हातात होतं ते केलं. मुलीला सुपाला हात लावू दिला नाही. मुलगी नर्सिंग शिकतेय.

भाच्यापुढे निवड होती, म्हणून त्याच्यावर जबाबदारीही होती, असं मी मानतो. मी त्याला एवढंच म्हटलं, पगाराचा आकडा जरा बाजूला ठेव आणि कंपनीकडे पैसा कुणाच्या खिशातून येतो ते शोध. त्याने शोधलं. हरणाऱ्यांच्या खिशातून येत होता. हरलेला माणूस उठून जाऊ नये, हेच त्याच्या हाताखालच्या मंडळींचं काम असणार होतं. त्याचं मन ठरलं. पण वडिलांचं डायलिसिस चालू आहे. त्याच्या नकाराचा भार त्यांच्यावर पडणार होता, आणि तो निर्णय एकट्याने कसा घ्यायचा? शेतीपंपांची नियंत्रणयंत्रं बनवणाऱ्या इंदूरच्या एका लहान कंपनीने त्याला निम्म्याहून कमी पगार देऊ केला होता. त्याने दोन्ही पत्रं आई-वडिलांपुढे ठेवली आणि आपलं मत सांगून टाकलं.

भावजी म्हणाले, "मला विचारशील तर इंदूर." ताई काही बोलली नाही. तिने खर्चाची वही काढली, डायलिसिस, किराणा, घराचा हप्ता असं एकेक लिहीत गेली, दोन ठिकाणी खोडलं, पुन्हा बेरीज केली. मग वही भाच्याकडे सरकवून म्हणाली, "कार दोन वर्षं नाही घ्यायची. बाकी भागतंय."