बंदरावरचा घास

रस्त्यात उभ्याने खाणे हे असभ्यपणाचे लक्षण, असे आमच्या आईचे ठाम मत होते. आणि पन्नाशी उलटेपर्यंत मी ते निमूटपणे पाळीत आलो होतो. ते मोडले झांजीबारला, फोरोधानीच्या बागेत.

‘फोरोधा’ म्हणजे जकात. एकोणिसाव्या शतकात येथल्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटियांच्या पेढीकडे असे. आता तेथे दिवस मावळला की खाद्यपदार्थांची मेजे मांडली जातात. कठड्यावरून पोरे समुद्रात उड्या घेत होती. चरकात उसाबरोबर आले-लिंबू पिळले जात होते. मी दुरूनच न्याहाळीत होतो. इतक्यात हळदीने पिवळ्याधमक झालेल्या आंबट रशाचा वाडगा पुढे करीत विक्रेत्याने विचारले, “भजिया?”

त्या एका शब्दासरशी माझा सारा शिष्टाचार विरघळला! गलबतातून लवंगा गेल्या, कापड आले. पण हा शब्द कोणत्या गृहिणीने आणला, याची नोंद कोण ठेवणार? त्यावर जकात थोडीच होती!

थोडक्या शिलिंगांत मिळालेला तो ‘उरोजो’ मी उभ्यानेच संपविला. आई असती तर रागावली असती खरी, पण लगेच हळूच विचारलेही असते, “डाळीच्या पिठाचीच होती ना रे?”