हंगाम आणि आर्थिक वर्ष

शासनाचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. पिकाचे वर्ष तसे चालत नाही. खरीप मृगाच्या पावसावर उभा राहतो, रब्बी ज्वारीची काढणी ऐन मार्च अखेरच्या धावपळीत येते आणि आडसाली ऊस तर कोणत्याच एका वर्षात मावत नाही. कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाला प्रस्ताव लिहायला मदत करणे, निधी मिळवणे, तो वेळेत प्रक्षेत्रापर्यंत पोचवणे, परवानग्या सांभाळणे आणि शेवटी हिशेब देणे, हे सगळे संशोधन-साहाय्याचे काम या दोन वर्षांचा मेळ घालण्यात जाते. हे काम करणाऱ्या कक्षाकडे टपाल खाते म्हणून पाहिले जाते. खरे तर प्रयोग यशस्वी होणार की अर्धवट राहणार, याचा मोठा भाग तिथेच ठरतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात या कामाचे मोठे ठिकाण म्हणजे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ २९ मार्च १९६८ रोजी स्थापन झाले. १९६९ मध्ये त्याची विभागणी होऊन विदर्भासाठी अकोल्याला वेगळे विद्यापीठ आले आणि राहुरीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचे दहा जिल्हे राहुरीच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यातली काही संशोधन केंद्रे विद्यापीठाहून कितीतरी जुनी आहेत. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ चे, सोलापूरचे कोरडवाहू केंद्र १९३३ चे. सोलापूरचे काम सुरू झाले तेच ब्रिटिशकालीन इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चच्या योजनेतून. बाहेरून पैसा आणायचा, प्रयोग इथल्या जमिनीत करायचा आणि हिशेब दूरच्या कार्यालयाला पाठवायचा, ही रीत या भागात नव्वद वर्षांहून जुनी आहे.

विद्यापीठाच्या रचनेत संशोधन संचालक शास्त्रीय बाजू पाहतो, नियंत्रक पैशाची बाजू पाहतो. पैसा अनेक वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचा स्वभाव वेगळा असतो. राज्य शासनाचे अनुदान लेखाशीर्षाप्रमाणे येते. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत भारतीय कृषी संशोधन परिषद ७५ टक्के आणि राज्य २५ टक्के भार उचलते. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून राज्यामार्फत प्रकल्प मिळतात. जागतिक बँक आणि केंद्र शासन यांच्या निम्म्या-निम्म्या पैशावर चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून राहुरीला हवामान अद्ययावत शेती व जलव्यवस्थापनाचे प्रगत केंद्र उभे राहिले. त्याला खरेदीचे आणि पर्यावरणाचे बँकेचे वेगळे नियम लागू झाले. याखेरीज खासगी कंपन्या आपली औषधे-खते तपासून घेण्यासाठी चाचणी शुल्क भरतात.

यांत ७५:२५ ची विभागणी कागदावर सोपी वाटते, पण परिषदेचा हप्ता येतो आणि राज्याची तरतूद मागे राहते, किंवा उलटे होते. मजुराची मजुरी मात्र ७५ टक्के देऊन थांबता येत नाही. म्हणून अनुभवी साहाय्यक प्रकल्प मंजूर होताच राज्याच्या वाट्याची मागणी पुढच्या अर्थसंकल्पात गेली की नाही, हे आधी पाहतो.

मार्च महिन्यातले प्रक्षेत्र पाहिले की ही ओढाताण समजते. रब्बी ज्वारीच्या वाण-चाचणीत नव्या वाणांबरोबर तुलनेसाठी मालदांडी ३५-१ पेरलेली असते. प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या ओळी आधी वेगळ्या काढतात, कारण मोकळ्या बाजूला जास्त ऊन, पाणी मिळाल्याने त्या फसव्या जोमाने वाढतात. मग आतल्या निव्वळ तुकड्याची कणसे खुडून, पिशवीत लेबल टाकून, वाळवून, मळून, वजन करून क्षेत्र-नोंदवहीत आकडा लिहिला जातो. कडबा वेगळा तोलला जातो, कारण इथल्या शेतकऱ्याला ज्वारीचा कडबा धान्याइतकाच मोलाचा. हे सगळे थोड्या दिवसांत उरकावे लागते; एक अवकाळी सर आली की दाणा काळा पडतो. म्हणजे रोजंदारीचे मजूर सर्वांत जास्त लागतात ते नेमके त्याच दिवसांत, जेव्हा कोषागारात देयकांची रीघ लागलेली असते आणि शिल्लक तरतूद ३१ तारखेच्या संध्याकाळी व्यपगत होणार असते. जानेवारीतच काढणीच्या मजुरीचा अंदाज घेऊन ती रक्कम त्या शीर्षाखाली राखून ठेवणे, लागल्यास पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव वेळेत पाठवणे, हे साधे काम ज्याने केले त्याने त्या हंगामाचे आकडे वाचवले. ते राहिले तर दोन दिवस काढणी थांबते आणि त्या दोन दिवसांची भरपाई कोणत्याही सांख्यिकी सूत्राने होत नाही.

कडेच्या ओळींचे धान्य विज्ञानाच्या दृष्टीने हिशेबाबाहेरचे असले तरी लेखापरीक्षणात ते हिशेबातच असते. ते गोदामात जमा व्हायला हवे, साठा नोंदवहीत त्याचे वजन यायला हवे, विक्री झाली तर रक्कम प्रक्षेत्र उत्पन्नात भरली जायला हवी. लेखापरीक्षक क्षेत्र-नोंदवही आणि साठा नोंदवही शेजारी ठेवतो, हजेरीपटावरचे मजूर आणि ट्रॅक्टरच्या लॉगबुकातले डिझेल त्यांच्याशी ताडून पाहतो. चार वह्या एकच गोष्ट सांगत असतील तर आक्षेप निघत नाही. आणि ज्या प्रयोगाच्या चार वह्या जुळतात, त्याच्या निष्कर्षावरही सहसा विश्वास ठेवता येतो. हिशेबाची शिस्त आणि प्रयोगाची शिस्त यांची मुळे एकाच मातीत आहेत. शास्त्रज्ञाला हे पटवून देता आले की निम्मा विरोध तिथेच मावळतो.

उसाची गोष्ट आणखी अवघड. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान होते, ऊस सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो, त्यानंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या खोडव्याला आणखी वर्ष लागते. वाणाच्या चाचणीत लागणीची दोन पिके आणि एक खोडवा पाहावा लागतो. तीन वर्षांच्या प्रकल्पाचे मंजुरीपत्र सप्टेंबरात हाती आले तर त्या सालची आडसाली हुकलेली असते, पूर्वहंगामी किंवा सुरू लागणीवर भागवावे लागते आणि खोडवा प्रकल्पाच्या मुदतीबाहेर जातो. राज्यभर पसरलेल्या को ८६०३२ या वाणाचे उदाहरण घ्यावे. तो मूळ कोईमतूरचा. क्रमांकातला ८६ हा आकडा १९८६ या सालाचा. पाडेगावच्या चाचण्यांतून तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला १९९६ मध्ये. एवढा काळ कोणत्याही तीन वर्षांच्या प्रकल्पात बसत नाही. नव्या, चकचकीत विषयांवरच्या अल्पमुदतीच्या प्रकल्पांना आज मान जास्त आहे, पण शेतकऱ्याच्या शेतात जे पोचले ते बहुतेक अशा रेंगाळत्या, कायमस्वरूपी योजनांतून पोचले. विद्यापीठाने त्यांची पदे रिकामी राहू देणे हा फार महाग पडणारा काटकसरीचा मार्ग आहे.

म्हणूनच प्रस्ताव तपासताना पहिला प्रश्न विषयाचा नसावा, तारखांचा असावा. पेरणी केव्हा, त्याआधी बियाणे आणि ठिबक संच कधी हवेत, त्यांच्या खरेदीला किती महिने लागतील, माती नमुने कोणत्या प्रयोगशाळेत जातील. केंद्राच्या पैशाला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू. जेम या शासकीय बाजारपेठेवर मिळणारी वस्तू तिथूनच घ्यायची. राज्याच्या पैशाला १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली खरेदी नियमपुस्तिका. यंत्राच्या तपशिलात एखाद्या कंपनीचेच वैशिष्ट्य उतरले की निविदा अडकते. ढोबळ लिहिले की नको ते यंत्र स्वस्तात गळ्यात पडते. तपशील लिहिणे हे शास्त्रज्ञ आणि भांडार विभाग यांनी एका टेबलावर बसून करायचे काम आहे. ते नस्तीवर टिपण्या फिरवून होत नाही.

परवानग्यांचा भाग कायद्यागणिक बदलतो. जनुकीय बदल केलेल्या पिकावर काम असेल तर १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. राहुरीला होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी गाय तयार झाली; आज प्राण्यांवर प्रयोग करायचा तर प्राणी नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी लागते. वाणाचे प्रकरण सर्वांत लांब. विद्यापीठातल्या चाचण्या, मग चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक, जिला सगळे जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात, नंतर १९६६ च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचना आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदणी. नोंदणीच्या अर्जात वाणाचे मूळ द्रव्य कुठून आले आणि ते कायदेशीर मार्गाने मिळाले, हे सांगावे लागते.

या एका रकान्याचे महत्त्व अहिल्यानगर जिल्ह्यात विशेष आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी बियाण्यांमुळे तो डोंगरी भाग देशभर माहीत झाला. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथल्या वालाचे, भाताचे नमुने संशोधनासाठी घ्यायचे तर ते कोणाकडून, कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला घेतले, याची नोंद पिशवी हातात घेतानाच व्हायला हवी. पुढे त्या बियाण्याच्या रक्तातून नवा वाण निघाला तर लाभातला वाटा मागण्याचा मार्ग कायद्याने दिलेला आहे. पण नोंदच नसेल तर मागायचे कशाच्या आधारावर? पिढ्यान्‌पिढ्या बियाणे राखणाऱ्या बाईचे नाव नमुन्याच्या लेबलावर राहणे, हा नियमपालनाचा सर्वांत न्याय्य भाग म्हणावा लागेल.

माणसांवरच्या संशोधनाचे काम जिल्ह्यात लोणीला पाहायला मिळते. तिथल्या प्रवरा आयुर्विज्ञान संस्थेला २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा संस्थांना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. नैतिकता समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, समितीत कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक असतो. औषधांच्या चाचण्यांची नोंद सार्वजनिक नोंदपटावर करणे १५ जून २००९ पासून सक्तीचे झाले. संमतिपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत हवे. लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी अशा साक्षीदाराची सही लागते, ज्याचा संशोधनाशी संबंध नाही. वॉर्डातल्या परिचारिकेलाच साक्षीदार करण्याची घाई होते. ती थांबवणे साहाय्यकाच्या हातात असते.

कंपन्यांच्या चाचणी शुल्कात धोका निराळा आहे. पैसे देणाऱ्याला अनुकूल निष्कर्ष हवा असतो आणि विद्यापीठाच्या शिफारशीला बाजारात किंमत असते. उपाय करारनाम्यातच करायचा. शुल्क चाचणीआधी पूर्ण जमा, प्रयोगाची आखणी विद्यापीठाची, प्रतिकूल आकडेही अहवालात, जाहिरातीत विद्यापीठाचे नाव वापरण्यास मनाई. एका हंगामाच्या आकड्यांवर शिफारस मागणाऱ्याला नकार देण्याचे बळ शास्त्रज्ञाला या कागदामुळे मिळते.

वर्ष सरल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र. आरंभीची शिल्लक, मिळालेले अनुदान, त्यावरचे व्याज, शीर्षवार खर्च, अखेरची शिल्लक, असे ते दीडएक पानाचे असते. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत ते जाणे नियमाने आवश्यक आहे, पण पुढचा हप्ता त्यावरच सुटतो म्हणून तेवढी वाट पाहणे परवडत नाही. व्याज हा नेहमी विसरला जाणारा रकाना. केंद्राच्या अनुदानावरचे व्याज विद्यापीठाचे नसते, ते परत करावे लागते. अखर्चित रक्कम पुढील हप्त्यात वळती होते किंवा परत जाते. आता पैशाची हालचाल सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीवर दिसत असल्याने खर्च दाखवून रक्कम खात्यात निजवून ठेवण्याला जागा कमी झाली आहे.

प्रकल्प बंद करण्याची पद्धतही ठरलेली आहे. अंतिम अहवाल आणि लेखापरीक्षित खर्चपत्रक जाते, शिल्लक परत जाते, यंत्रे निधी देणाऱ्याच्या संमतीने विभागाच्या जडवस्तू नोंदवहीत चढतात, मूळ क्षेत्र-नोंदवह्या केंद्राच्या कपाटात राहतात. वाण प्रसारित झाला असेल तर त्याचे पैदासकार बियाणे, पिवळी खूणचिठ्ठी लावलेले, विद्यापीठाने पुढेही दरवर्षी मागणीप्रमाणे तयार करायचे असते. त्याला प्रकल्पाचा निधी नसतो. तो खर्च बियाणे विभागाच्या फिरत्या निधीतून किंवा राज्याच्या तरतुदीतून काढावा लागतो आणि ती मागणी प्रकल्प चालू असतानाच नोंदवून ठेवावी लागते.