हाताला राहिलेला पेट्रोलचा वास

काही पेशंट काय काम करतात, हे त्यांनी सांगण्याआधीच मला कळतं. पेट्रोल पंपावरचे कर्मचारी, गॅरेजमधले मेकॅनिक, जनरेटर सांभाळणारी मुलं. त्यांच्याबरोबर इंधनाचा वासही आत येतो. त्यांना स्वतःला मात्र तो फारसा जाणवत नाही. एकाच वासात तासन्‌तास राहिलं की नाक त्याची दखल घेणं कमी करतं. वास येतो तो घरच्यांना.

मध्यंतरी तिशीतला एक मेकॅनिक हात दाखवायला आला. बोटं कोरडी खरखरीत, तळव्यांना भेगा, एकदोन ठिकाणी रक्त आलेलं. "डॉक्टर, ग्रीसची ॲलर्जी असेल का?"

"काम संपल्यावर हात कशाने धुता?"

"पेट्रोलने. आमच्यात सगळेच तसं करतात. मग पेट्रोलचा वास जावा म्हणून कपड्यांच्या पावडरने घासतो, वरून लिंबू चोळतो."

एवढं करूनही वास जात नव्हता. तीन वर्षांची मुलगी जवळ घेतलं की तोंड फिरवायची, म्हणून तो रोज आणखी जोरात घासायचा. हाताची चव अन्नाला लागते म्हणून चमच्याने जेवायला लागला होता.

आपल्या त्वचेवर नैसर्गिक तेलाचा पातळ थर असतो. त्वचेतलं पाणी तो आत धरून ठेवतो. पेट्रोल ग्रीस विरघळवतं, तसाच हा थरही विरघळवतं. त्यावर पावडरीतला क्षार आणि लिंबातलं आम्ल लागलं की कातडी फाटते. त्या भेगांत आणि नखांखाली काळं तेल जाऊन बसतं. शिवाय वास हा काही वेगळा पदार्थ नाही. वास येतोय याचा अर्थ इंधन अजून तिथे आहे. अत्तर किंवा पावडर लावून ते फक्त झाकलं जातं.

पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात बेंझिन असतं. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा १ टक्का आहे. बेंझिनचा संपर्क वर्षानुवर्षे होत राहिला, तर रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो आणि रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. ते मुख्यतः श्वासातून शरीरात जातं, पण थोडं त्वचेतूनही जातं. गाडीत पेट्रोल भरताना एखाद्या वेळी हातावर सांडलं, तर घाबरायचं कारण नाही. रोज पेट्रोलने हात धुणं मात्र थांबवायलाच हवं.

मग धुवायचं कसं? आधी कोरड्या फडक्याने हात पुसा. मग चमचाभर खोबरेल तेल घेऊन बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला दोन मिनिटं चोळा. तेलकट डाग तेलात सुटतो. ते पुसून काढा आणि साध्या साबणाने किंवा भांड्यांच्या लिक्विडने कोमट पाण्यात हात धुवा. वास राहिला तर पुन्हा तेच करा, जोर वाढवू नका. हात टिपून लगेच व्हॅसलिन लावा. काम करताना नायट्राइलचे हातमोजे वापरा. लॅटेक्सचे साधे मोजे पेट्रोलमध्ये फुगून खराब होतात.

कपड्यांच्या बाबतीत प्रश्न आगीचाही आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. लहान घरात मोरी आणि शेगडी जवळजवळ असतात, काही बाथरूममध्ये गॅस गीझर असतो. इंधन सांडलेली डांगरी तिथे टाकू नका. शक्यतो गॅरेजमध्येच कपडे बदला. डांगरी घराबाहेर, वाऱ्यावर, आगीपासून आणि मुलांपासून लांब टांगा. पेट्रोल लवकर उडतं, डिझेलला जास्त वेळ लागतो. वास बराच कमी झाला की वेगळ्या बादलीत डिटर्जंटमध्ये काही तास भिजवून धुवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. वास येत असेपर्यंत मशीनमध्ये घालू नका आणि इस्त्री करू नका. पुसलेली फडकीही गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका.

त्या मेकॅनिकला मी मलम दिलं, पण पेट्रोल बंद केल्याशिवाय मलमाचा उपयोग होणार नाही, हेही बजावलं. तीन आठवड्यांनी भेगा भरल्या होत्या. "आता हाताने जेवतो," एवढंच म्हणाला.

भेगांतून पू येत असेल, हात सुजला असेल, पुरळ वर सरकत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. कामावर वारंवार डोकं दुखतं, चक्कर येते, किंवा अलीकडे खूप थकवा येतो असं असेल, तर आपण काय काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि हे कुणी गॅरेजमालक वाचत असतील, तर नळाजवळ एक साबण आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवा. पोरं पेट्रोलने हात धुतात, कारण बहुतेक वेळा तिथे दुसरं काही नसतं.