मेहरूणचे तीन राउंड

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी शुगर ‘बॉर्डरलाइन’ निघाली. मग काय, पुण्यात जिम लावली. चार महिने घाम गाळला आणि उतरलं किती? दीड किलो! वैतागून डिसेंबरात सुटी टाकली आणि जळगाव गाठलं.

पहाटे साडेपाचला पप्पांनी पांघरूण ओढलं. मेहरूण तलावावर तेव्हा अख्खं गाव लोटलेलं असतं. माकडटोप्या, ट्रॅकसूट, साडीवर कॅनव्हासचे शूज आणि कापसाच्या भावावरची चर्चा. पप्पा आठ वर्षं इथे रोज तीन राउंड मारतात. पोट मात्र जागच्या जागी.

‘उपयोग काय मग?’ मी चिडवलं.

‘आठ वर्षांत गोळी वाढली नाही.’ पप्पा चालता चालताच म्हणाले.

मी गप्प. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. 2012 साली टांझानियातल्या हाडझा शिकाऱ्यांचा अभ्यास आला होता. रोज मैलोन्‌मैल चालणारी ही माणसं, पण अंगाच्या मानाने त्यांचा दिवसभराचा कॅलरी-खर्च पाश्चात्त्य ऑफिसवाल्यांइतकाच! एकीकडे खर्च वाढला की शरीर दुसरीकडे काटकसर करतं म्हणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये देशातल्या 12.6 टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं, 2019-21 मध्ये 24 टक्के. शहरी स्त्रियांत तर 33 टक्के. हे नुसत्या चालण्याने आवरणारं प्रकरण नाही, ताटाकडेही बघायला हवं.

आणि काटा तरी कुठे खरं बोलतो? आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश मित्र डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिनची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! आपण बारीक दिसतो आणि आतून लठ्ठ असतो. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, वजन हललं नाही तरी. पप्पांच्या गोळीचं गुपित बहुधा हेच.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला मामांकडे. दारातच स्वागत, ‘कितला जाड व्हयना रे भो तू!’ लगेच लळिंगच्या किल्ल्यावर वरात. साठीतले मामा सरसर वर, मी निम्म्यात टाक्यापाशी बसकण मारलेली. खाली आग्रा रोडवरचे ट्रक मुंग्यांसारखे.

घरी आल्यावर मामींनी काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. भरितावर बोटभर तेल. नाही कसं म्हणणार? (तुम्ही म्हणून दाखवा!) पण तिसरी भाकरी मी हात आडवा धरून परतवली. मामी रुसल्या त्या रुसल्याच.

परवा पुन्हा रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. रोज पहाटे पावणेसहाला पप्पांचा मिस्ड कॉल येतो. मी शूज घालूनच उलट मिस्ड कॉल द्यायचा, असं ठरलंय. आज घालायच्या आधीच दिला. दोन मिनिटांत पप्पांचा फोन, ‘रस्त्यावरचा आवाज ऐकव बरं!’